कोणत्या दारातून आली सेंद्रिय शेती?

  

आज एका रकान्याची गोष्ट सांगायची आहे. दोन वर्षांमागं आमच्या गावात सेंद्रिय शेतीच्या गटाची नोंदणी झाली. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज भरायला मला बसवलं. पहिलाच रकाना होता, 'शेतकऱ्याचे नाव'. समोर बसलेली बाई कोण, तर रोज सकाळी जीवामृताचा ड्रम ढवळणारी, उन्हाळ्यात निंबोळ्या वेचणारी, शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी. तिला म्हटलं, सांग नाव. तिनं उखाण्यात घ्यावं तसं लाजत नवऱ्याचं नाव घेतलं. पुढचीनंही तेच केलं. संध्याकाळी अर्ज चाळले तर बाईचं नाव फक्त दोन अर्जांवर होतं. त्या दोघीही विधवा.

रात्री झोप लागेना. हा रकाना कुणी केला असेल? शेणखत घालणं, बी राखून ठेवणं, राखेत कडधान्य ठेवणं हे तर आपल्या आज्या-पणज्या करतच होत्या. मग ते सरकारी योजना कधी झालं, आणि योजना होताना बाई कुठं गळाली? तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे, विचारते आहे. त्यातलं आज सांगते.

आधी एक शब्द बघा. माझी आजी 'खत' म्हणायची ते उकिरड्यातलं. आज 'खत आणलं का' म्हटलं की गोणीच डोळ्यापुढं येते, आणि आजीच्या खताला 'शेणखत' असं फोड करून सांगावं लागतं. फवारणीच्या विषाला आपण 'औषध' म्हणतो. अमक्यानं औषध घेतलं, असं कानावर आलं की काळजात धस्स होतं, कारण ते कुठलं औषध हे सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नास-साठ वर्षांत शब्दांनी अशी जागा बदलली. सगळीच शेती शेणामुताची होती तेव्हा 'सेंद्रिय' या शब्दाची गरजच नव्हती.

शास्त्र म्हणून या शेतीची मांडणी झाली ती आपल्यापासून फार लांब नाही, इंदूरला. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ मध्ये सरकारी नोकरीवर बिहारमधल्या पुसाला आले. त्यांची बायको गॅब्रिएल ही स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. पण नोकरी नवऱ्याची. ती बरोबरीनं संशोधन करत होती आणि अधिकृत पद तिला मिळालं ते १९१३ मध्ये. म्हणजे तिथंही रकान्याचीच भानगड. १९२४ मध्ये दोघांनी होळकरांच्या इंदूर संस्थानात शेती-संशोधनाची संस्था उभी केली. तिला पैसा मुख्यतः कापूस समितीचा होता. आज त्या जागी इंदूरचं कृषी महाविद्यालय आहे.

तिथं त्यांनी कंपोस्टची 'इंदूर पद्धत' बसवली. पऱ्हाट्या आणि तुराट्या कुजायला जड, म्हणून त्या शेतातल्या रस्त्यावर टाकायच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा चुरा होतो. तो चुरा नि पालापाचोळा गोठ्यात जनावरांखाली अंथरायचा. मग शेण, मूत मुरलेली माती आणि राख यांच्या थरांनी खड्डा भरायचा, पाणी द्यायचं, ठरल्या वेळी वरखाली करायचं, की तीन महिन्यांत खत तयार. यावर १९३१ मध्ये पुस्तक निघालं. त्यावर हॉवर्ड यांच्या नावाशेजारी यशवंत वाड हे नाव आहे. गॅब्रिएल आदल्याच वर्षी वारल्या होत्या. हॉवर्ड सांगत की, आपले खरे गुरू म्हणजे इथले शेतकरी आणि पिकावरची कीड. पुढं इंग्लंडला जाऊन त्यांनी १९४० मध्ये जे पुस्तक लिहिलं, ते जगभरच्या सेंद्रियवाल्यांचा पाया मानलं जातं. इंदूरच्या उकिरड्यातली विद्या साहेबाच्या देशात गेली, आणि आपल्याकडं मात्र गोणीचे दिवस आले.

त्या गोणीला मी नुसत्या शिव्या देणार नाही. १९६५-६६ ला देशात दुष्काळ पडला, आणि आपल्याकडचा १९७२ चा तर अजून घराघरात सांगतात. मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्लेल्या बाया आजही आपल्यात आहेत. अशा वेळी जास्त पिकणारं बियाणं आलं. त्याला रासायनिक खत लागत होतं आणि ते स्वस्त पडावं म्हणून सरकारनं पैसा घातला. १९७७ पासून तर खत कारखान्यांना ठरलेलं अनुदान सुरू झालं. पोटं भरली हे खरं आहे. पण सरकारची तिजोरी, कृषी सहायक, विद्यापीठ, सोसायटीचं कर्ज असं सगळं गोणीच्या मागं उभं राहिलं. उकिरडा होता तो बाईच्या वाट्याचा. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नव्हती.

आता सेंद्रिय शेतीसाठी सरकारचं दार उघडलं ते कुठलं? तुम्ही म्हणाल, कृषी खात्याचं. मलाही तसंच वाटलं होतं. पण ते होतं वाणिज्य खात्याचं. म्हणजे व्यापाराचं.

झालं असं की, युरोपात आधी कायदे झाले. डेन्मार्कनं १९८७ मध्ये सेंद्रिय शेतीचा स्वतंत्र कायदा केला. शेताची तपासणी सरकारनंच आपल्याकडं घेतली आणि दोन-तीन वर्षांत मालावर लाल रंगाचा सरकारी शिक्काही आणला. १९९१ मध्ये सगळ्या युरोपीय संघाचा नियम झाला. त्यात बाहेरून येणाऱ्या मालालाही अट होती. तुमच्या देशात आमच्या तोडीची तपासणी असेल तरच 'सेंद्रिय' म्हणून विका. आपल्याकडून चहा, मसाले, बासमती, कापूस जात होता. विकणाऱ्यांची अडचण झाली. म्हणून २००० मध्ये वाणिज्य मंत्रालयानं राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम जाहीर केला आणि २००१ पासून परदेशी व्यापाराच्या कायद्याखाली तो लागू झाला. २००२ ला 'इंडिया ऑरगॅनिक' हा शिक्का आला, आणि २००६ मध्ये युरोपनं आपली पद्धत मान्य केली.

ज्या दारातून माणूस घरात येतो, त्या दारातल्या बाईच्या रीतीनं त्याला वागावं लागतं. व्यापाराच्या दारात प्रश्न एकच होता, गिऱ्हाईकाला पुरावा काय दाखवणार? त्यामुळं सगळा भर कागदावर आला. शेताचा नकाशा, सातबारा, काय घातलं याची रोजची वही, शेजारच्या शेतातून फवारा येतो का याची नोंद, वर्षाचा तपासनीस आणि त्याची फी. हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं 'रूपांतराचा काळ'. तोवर खर्च सेंद्रियचा आणि भाव साधा. एकट्या लहान शेतकऱ्याला हे झेपेना, म्हणून पंचवीस ते पाचशे शेतकऱ्यांचा गट करून एकच प्रमाणपत्र काढायची सोय झाली. त्यातून कापसाचे, मसाल्याचे पुष्कळ गट उभे राहिले, ते नाकारून चालणार नाही. पण परदेशी जाणाऱ्या पोत्याला कडक नियम आणि आपल्या आठवडी बाजारात मात्र कुणीही पाटी लावून 'सेंद्रिय' विकावं, अशी गंमत पुढं पंधरा-सोळा वर्षं चालली. आपल्या देशातल्या खाणाऱ्यांसाठीचा नियम अन्नसुरक्षा प्राधिकरणानं केला तो २०१७ मध्ये.

कृषी खात्याचं दार जरा नंतर किलकिलं झालं. २००४ मध्ये गाझियाबादला केंद्र निघालं आणि जिवाणू खतं, गांडूळ खत यांना मदत सुरू झाली. मोठा पैसा आला २०१५ मध्ये, परंपरागत कृषी विकास योजनेतून. पन्नास शेतकऱ्यांचा, पन्नास एकरांचा गट, आणि एकरी वीस हजार रुपये, तीन वर्षांत मिळून. रूपांतराच्या काळात शेतकरी खचतो, हे सरकारनं इथं पहिल्यांदा नीट ओळखलं असं माझं मत. पण या दारातली मोजपट्टी एकराची. एकर ज्याच्या नावावर, शेतकरी तो. आमच्या अर्जातला रकाना इथूनच आला.

मध्ये सिक्कीमचं सांगायला हवं, कारण त्याचं नाव सगळे घेतात. छोटं डोंगरी राज्य. तिथले मुख्यमंत्री पवन चामलिंग यांनी २००३ मध्ये विधानसभेत ठरवलं की, सगळं राज्य सेंद्रिय करायचं. खताचं अनुदान हळूहळू काढलं, २०१० ला मोहीम सुरू केली, २०१४ ला कायदा करून रासायनिक खतं-औषधं बंद केली, आणि जानेवारी २०१६ मध्ये सुमारे पंचाहत्तर हजार हेक्टरांचं राज्य सेंद्रिय म्हणून जाहीर झालं. तिथं मुळात रासायनिक खत कमीच पडत होतं, हेही लक्षात ठेवा. तरी तेरा वर्षं लागली. आणि २०१८ मध्ये बाहेरची साधी भाजी आणायला बंदी घातली, तेव्हा भाव चढून लोक कावले. शेजारच्या श्रीलंकेत तर २०२१ मध्ये एका फटक्यात रासायनिक खताची आयात बंद केली, भात आणि चहा दोन्ही घसरले, आणि सहा-सात महिन्यांत हुकूम मागं घ्यावा लागला. उकिरडा भरायला वेळ लागतो हे कुठल्याही सासूला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

आता तिसरं दार. माझा जीव या गोष्टीत अडकला आहे म्हणून जरा सावकाश सांगते.

पुनुकुला नावाचं गाव. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यातलं, आज तेलंगणात येतं. पीक कापूस आणि मिरची, म्हणजे फवारणीवर फवारणी. औषध द्यायचा तो दुकानदार, उधारी त्याचीच, आणि निघालेला माल घेणाराही तोच. भाव तोच ठरवणार. आपल्या विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या बायांना हे वेगळं सांगायला नको. फवारलेल्या रानात निंदायला आणि वेचायला बाया वाकायच्या. अंगाची आग, चक्कर, मळमळ हे त्यांच्या वाट्याचं.

साधारण २००० च्या सुमाराला एका संस्थेनं थोड्या शेतकऱ्यांबरोबर बिनविषाची शेती सुरू केली. निंबोळी अर्क, मिरची-लसणाचा अर्क, शेण-गोमूत्राचं द्रावण, किडीला भुलवायला कडेनं दुसरं पीक, कामगंध सापळे, पक्ष्यांना बसायला मचाणं. उत्पन्न फारसं घटलं नाही आणि औषधाचा खर्च वाचला. ते पाहिलं बायांच्या बचत गटांनी. गटात हप्ते लिहिणाऱ्या बाईला कळतंच की, घरातला पैसा कुठं जातो. त्यांनी घराघरात नवऱ्यांच्या मागं लकडा लावला. दोन-तीन हंगामांत अख्खं गाव बिनविषाचं झालं, आणि २००४ मध्ये ग्रामपंचायतीनं ठरावच केला की, औषध विकणाऱ्यांनी गावात पाऊल टाकू नये. निंबोळी दळायचं यंत्र आलं आणि ते चालवायचं काम बायांकडं गेलं.

आता यात सरकार कुठं आलं? आंध्रात गरिबी निर्मूलनाची एक सरकारी संस्था होती, ग्रामीण विकास खात्याखाली. बायांचे गट, त्यांचे ग्रामसंघ, तालुक्याचे संघ असं जाळं तिनं विणलं होतं. त्या संस्थेनं पुनुकुलाची रीत उचलली आणि ग्रामसंघांतून पसरवली. तीन-चार वर्षांत तीन लाखांवर शेतकरी त्यात आले. शिकवायला पदवीवाले साहेब थोडे. ज्या बाईनं स्वतःच्या रानात करून दाखवलं, तीच दुसऱ्या गावात जाऊन मुक्काम करायची आणि तिथल्या बायांना करून दाखवायची.

या दारातला प्रश्नच निराळा होता. किती एकर झालं, हे नंतर. औषधाचा खर्च किती वाचला? कर्ज किती फिटलं? गहाण पडलेली जमीन सुटली का? या प्रश्नांची उत्तरं बायांच्या वहीत होती, म्हणून बाई मोजली गेली. माझ्या बुद्धीला पटलेलं सांगते, शास्त्र तेच, शेण तेच, निंबोळी तीच; खातं बदललं आणि हिशेब बदलला.

पुढं २०१६ पासून आंध्र सरकारनं याचाच मोठा कार्यक्रम केला. त्याला आपल्या अमरावतीचे सुभाष पाळेकर यांच्या झीरो बजेट शेतीचं नाव दिलं, नंतर ते बदलून लोकांनी चालवलेली नैसर्गिक शेती असं केलं. शास्त्रज्ञांमध्ये त्यावर वाद झाले, अजून आहेत. उत्पन्न सगळीकडं टिकेल का, हा प्रश्न काही खोटा नाही. पण २०२४ मध्ये या कार्यक्रमाला पोर्तुगालचा गुलबेंकियन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्र सरकारनं नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान मंजूर केलं, २,४८१ कोटींचं. त्यात तीस हजार कृषी सखी आणि गावपातळीवरच्या शिकवणाऱ्या नेमायच्या आहेत. तुमच्या गावात कृषी सखी असेल तर तिच्याकडं बघताना ध्यानात घ्या, परगावी मुक्काम करून शेती शिकवणाऱ्या त्या आंध्रच्या बाईचीच ती धाकटी बहीण.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू झालं. अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, वर्धा हे सहा जिल्हे, म्हणजे जिथं आत्महत्या जास्त, तिथंच. चार-पाच वर्षांत ते राज्यभर नेलं आणि नावात 'जैविक'च्या जागी 'नैसर्गिक' आलं. सेंद्रिय, जैविक, नैसर्गिक, या नावांवर विद्वान भांडतात. आपण अर्ज भरताना कुठल्या योजनेत कुठलं नाव चालतं एवढं बघावं.

प्रमाणपत्राचंही एक सोपं दार मधल्या काळात उघडलं, ते आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेलं आहे. तपासनिसाची फी परवडत नाही, तर शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासावी आणि एकमेकांची हमी घ्यावी. ब्राझीलसारख्या देशांत हे आधीपासून होतं. आपल्याकडं हे काम करणाऱ्या संस्थांची परिषद २०११ मध्ये गोव्यात नोंदवली गेली, आणि त्याच सुमाराला सरकारनंही आपली 'पीजीएस' पद्धत सुरू केली. पाच शेतकऱ्यांचा गटसुद्धा चालतो. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमात ही हमी निर्यातीच्या प्रमाणपत्राच्या शेजारी बसली. म्हणजे गावकऱ्यांचा शब्द कायद्यानं मानला.

आमच्या गटाची तपासणी याच पद्धतीची होती. अर्ज नवऱ्यांचे, म्हणून पुरुष बांधावर उभे. ड्रममध्ये गूळ किती घालता? पुरुष गप्प. बेसन कुठलं? गप्प. बी कधी काढून ठेवलं? मग एकजण ओरडला, अगं ये, सांग यांना. ती पदर खोचत आली आणि पाऊण तास बोलली. तपासणीच्या कागदावर सही मात्र त्याची झाली. 'सातबारा त्यांचा आहे, आम्ही काय करणार?' असं एका कार्यालयात आम्हाला सांगितलं. नियमानं ते चूक नव्हतं, पण ज्या हसण्यावारी नेऊन सांगितलं ते डोक्यात राहिलं.

सातबाऱ्याचा आकडा ऐका. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेती कसणाऱ्या खातेदारांत बाया होत्या शंभरात चौदाच्या आसपास. आणि रानात वाकलेल्या किती, ते तुम्हीच मोजा. यावर आपल्या महाराष्ट्रात प्रयत्न झाला होता. १९९० च्या आसपास शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मी मुक्ती' काढली. नवऱ्यानं राजीखुशीनं बायकोच्या नावे जमीन करावी. शंभर घरांनी केलं की ते गाव लक्ष्मी मुक्तीचं गाव. १९९२ मध्ये सरकारनंही याच नावानं योजना काढली. नवऱ्यानं स्वतःहून अर्ज दिला, तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहधारक म्हणून लागू शकतं. तीस वर्षांहून जुनी सोय आहे, किती जणींना ठाऊक आहे? मराठवाड्यात स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या बायांनी आणखी एक वाट काढली. घरच्यांकडून एकच एकर आपल्या हुकमाचा मागायचा, त्यात घरात खायला लागतं ते सगळं बिनविषाचं पिकवायचं, आणि पिकलं की मग पुढचं बोलायचं.

आमच्या ग्रामसंघानं आता स्वतःची एक वही केली आहे. त्यात दोन रकाने आहेत, एक 'सातबारा कोणाचा' आणि शेजारी 'काम कोणाचं'. सरकार ती वही मागत नाही, पण कृषी सखी दर महिन्याला त्यावर सही करते. गेल्या महिन्यात एका घरचा लक्ष्मी मुक्तीचा अर्ज तलाठ्याकडं गेला. तपासणीच्या दिवशी बांधावर गप्प राहिलेला जो गडी, त्याचाच. आणखी चार-पाच घरांत बोलणं चालू आहे. आमच्या घरात हा विषय अजून मी काढलेला नाही. आज जेवताना आमचे हे आणि दीर रेडिओ ऐकत बसतील, तेव्हा आपोआपच निघेल.